आत्मपरिचयाचे गद्य आणि मराठी विभागांचे मौन

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात आपण बखरीचे गद्य शिकवतो, निबंधमालेचे गद्य शिकवतो. आत्मचरित्र हा तर मानाचा वाङ्मयप्रकारच आहे. मात्र याच वर्गातला विद्यार्थी पदवी हाती पडण्याच्या सुमारास जे गद्य निकडीने लिहायला बसतो, त्याविषयी आपण अवाक्षर काढत नाही. हे गद्य म्हणजे लिंक्डइनसारख्या व्यावसायिक संकेतस्थळावरचा आत्मपरिचय, प्रचलित भाषेत 'प्रोफाइल'. नोकरी देणाऱ्या कंपनीचा किंवा एजन्सीचा माणूस, म्हणजे रिक्रूटर, उमेदवाराला भेटण्याआधी हा मजकूर वाचतो. बऱ्याचदा तो वाचूनच भेटायचे की नाही ते ठरवतो. साहित्याच्या विद्यार्थ्याची वर्गाबाहेरची पहिली परीक्षा ही अशी लेखनाचीच परीक्षा असते, आणि तिची तयारी आपण 'प्लेसमेंट सेल'ने बोलावलेल्या दोन तासांच्या पाहुण्यावर सोपवून मोकळे होतो.

माझे म्हणणे सरळ आहे. हा मजकूर सुधारणे हे मराठी विभागाचे काम आहे. कारण त्यात जे बिघडलेले असते ते भाषेचे आणि पुराव्याचे बिघडलेले असते, आणि या दोन्ही गोष्टी तपासायला शिकवतो असा आपलाच दावा आहे. हे म्हणणे मांडताना दोन बाजूंशी भांडावे लागेल. एका बाजूला या साऱ्या प्रकाराकडे नाक मुरडून पाहणारे आपले सहकारी, दुसऱ्या बाजूला तयार साचे वाटत फिरणारे मार्गदर्शक.

तुच्छतेची चैन

आधी सहकारी. 'हे सगळे एमबीएवाल्यांचे चाळे', 'माणसाने स्वतःची जाहिरात करायची?', 'साहित्याचा विद्यार्थी बाजारात उभा राहतो काय?' ही वाक्ये स्टाफरूममध्ये नवी नाहीत. ती उच्चारणाऱ्यांपैकी बहुतेकांना दरमहा वेतन आयोगाप्रमाणे पगार मिळतो, ही गोष्ट मात्र त्या वाक्यांत कुठे दिसत नाही. शेजारच्याच खुर्चीवर बसलेल्या, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, नेट-सेट झालेल्या तरुण सहकाऱ्याला ही वाक्ये कशी ऐकू येत असतील, याचा विचार कुणी केलेला नसतो. तुच्छता ही एक चैन आहे आणि ती परवडणारेच ती करतात.

आपला विद्यार्थी कोठून येतो ते पाहा. घाटकोपरच्या असल्फ्यातून येतो, मालाडच्या कुरार गावातून येतो, मुलुंडच्या एखाद्या चाळवजा वसाहतीतून येतो. त्याच्या आजोबा-वडिलांच्या पिढीत नोकरी कशी लागत असे? भांडुप-मुलुंड-घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा कारखाने होते. काकाने मुकादमाच्या कानावर घातले की पुतण्या चिकटत असे. गावाकडचा, नात्यातला, जातीतला माणूस आत असणे हेच त्या काळचे 'नेटवर्क'. आपण त्याला वशिला म्हणत होतो. ते कारखाने एकामागून एक बंद पडले, त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, आणि काकाच्या शब्दाची किंमत त्याबरोबर संपली. आज काम आहे, पण ते अंधेरीच्या सीप्झमध्ये आहे, मालाडच्या माइंडस्पेसमध्ये आहे, पवईच्या काचेच्या इमारतींत आहे, आणि तिथे या मुलाचा काका नाही. ज्यांचे काका तिथे आहेत त्यांना प्रोफाइल सुधारण्याची घाई नसते. ज्याचे कुणीच नाही, त्याच्यासाठी सव्वीसशे अक्षरांचा तो मजकूर हाच काका असतो.

शिवाय आता हा प्रश्न आवडीनिवडीचा राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्राला चार श्रेयांकांचे 'ऑन जॉब ट्रेनिंग' किंवा क्षेत्रप्रकल्प आला. एम.ए. मराठीच्या विद्यार्थ्यालाही आता कुठेतरी जाऊन, 'मी हे हे करू शकतो, मला शिकायला घ्या', असे सांगणे भाग आहे. त्याने ते काय शब्दांत सांगावे, याचे उत्तर विभागाने द्यायचे नाही तर कुणी?

विशेषणांचा सुकाळ

आता साचेवाले. त्यांच्या कार्यशाळांतून बाहेर पडलेली प्रोफाइल ओळीने दहा वाचावीत. प्रत्येक जण 'पॅशनेट' असतो, 'डायनॅमिक' असतो, 'रिझल्ट-ओरिएंटेड' असतो, 'हार्डवर्किंग टीम प्लेअर' असतो आणि नव्या आव्हानांच्या शोधात असतो. दहांची नावे झाकली तर कोण कुठला ते आईलाही ओळखता येणार नाही.

या मजकुराला मराठीच्या माणसाने एक साधी कसोटी लावावी. वाक्य मराठीत करून मोठ्याने म्हणावे. 'मी एक गतिमान, निकालाभिमुख आणि उत्कट संघ-खेळाडू आहे.' वर्गात हशा पिकेल. तो हशा अनुवादाच्या ढिसाळपणामुळे पिकत नाही. इंग्रजीच्या सवयीमुळे जो पोकळपणा ऐकू येत नव्हता, तो मायबोलीत ऐकू येतो म्हणून पिकतो. आता दुसरे वाक्य घ्या: 'मी दोन वर्षे आठवी ते दहावीच्या मुलांच्या मराठीच्या शिकवण्या घेतल्या आणि त्यांच्यासाठी व्याकरणाच्या सराव-पत्रिका स्वतः तयार केल्या.' हे कुठल्याही भाषेत न्या, कुणी हसणार नाही. जे वाक्य मराठीत म्हणताना लाज वाटते ते इंग्रजीतूनही काढून टाकावे, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मे प्रोफाइल आपोआप सुधारेल.

विशेषणांची ही नाणी तशीही आता बाद झाली आहेत. २०२३ मध्ये लिंक्डइनने, पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी, यंत्राकडून प्रोफाइलचा मजकूर सुचवण्याची सोय आणली. त्याखेरीज फुकटची इतर साधने आहेतच. म्हणजे गुळगुळीत इंग्रजीतली चार भारदस्त वाक्ये आज कुणालाही क्षणात मिळतात. जे सर्वांना फुकट मिळते त्याने कुणी उठून दिसत नाही. यंत्राला जे ठाऊक असणे शक्य नाही तेवढेच आता मोलाचे उरले आहे: तुम्ही प्रत्यक्ष काय केलेत, कुणासाठी केलेत, किती केलेत आणि ते कुठे पाहायला मिळेल.

आत्मचरित्राच्या अध्यापनात आपण दुसरे काय सांगतो? लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' प्रसंगांवर उभे आहे. विशेषणे लावण्याचे काम लेखिका वाचकावर सोडते. आत्मस्तुती आणि आत्मनिवेदन यांतला हा फरक जो विभाग तासन्‌तास समजावतो, त्याच विभागाच्या विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिताना आत्मस्तुतीचा साचा उचलावा, यात दोष विद्यार्थ्याचा कमी आहे.

शोधणारा कसा शोधतो

रिक्रूटर हा रसिक वाचक नव्हे. त्याच्या हाती शोधाचे यंत्र असते. हुद्दा, कौशल्य, ठिकाण असे शब्द तो त्यात घालतो आणि समोर आलेल्या यादीवरून भराभर नजर फिरवतो. त्या यादीत नाव, छायाचित्र आणि नावाखालची ओळ, म्हणजे 'हेडलाइन', एवढेच ठळक दिसते. ही ओळ २२० अक्षरांची असू शकते. आपले विद्यार्थी तिथे काय लिहितात? 'स्टुडंट', फार तर 'एम.ए. मराठी'. 'स्टुडंट' या शब्दाने कुणी अनुवादक शोधत नाही. तो 'मराठी ट्रान्सलेटर', 'मराठी प्रूफरीडर', 'मराठी सबटायटलर', 'मराठी कंटेंट रायटर' असे शोधतो, आणि रोमन लिपीत शोधतो. तेव्हा हेडलाइनमध्ये आपण करू शकतो त्या कामांची नावे, पदवी आणि मुंबई, एवढे स्वच्छ इंग्रजीत असावे. संकेतस्थळाने २०२१ मध्ये हिंदी आणि २०२४ मध्ये मराठी भाषेची सोय केली खरी, पण शोधणाऱ्याची बोटे अजून रोमन अक्षरांवरच आहेत. यात स्वाभिमान दुखावून घेण्याचे कारण नाही. दुकानाची पाटी गिऱ्हाइकाला वाचता आली पाहिजे. माल आपला असला म्हणजे झाले.

खरा अपमान दुसरीकडे आहे आणि त्याकडे कुणाचे लक्ष नाही. प्रोफाइलमध्ये भाषांचा एक रकाना असतो. प्रत्येक भाषेपुढे पाच पायऱ्यांपैकी एक निवडायची. ही उतरंड अमेरिकी सरकारी खात्यांनी भाषाज्ञान मोजण्यासाठी बनवलेल्या मापावर बेतलेली आहे, आणि तिची सर्वांत वरची पायरी आहे 'नेटिव्ह ऑर बायलिंग्वल'. म्हणजे शिखर जन्माने मिळते! २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा असल्याचे सांगणारे ८ कोटी ३० लाखांवर लोक होते. ते सारे त्या रकान्यात आपल्या एम.ए. विद्यार्थ्याच्या शेजारी, त्याच पायरीवर उभे राहतात. पाच वर्षे भाषेचा अभ्यास करून मिळवले ते या रकान्यात दाखवायला जागाच नाही.

म्हणून ते दुसरीकडे, अनुभवाच्या आणि 'अबाउट'च्या रकान्यात, उलगडून लिहावे लागते. तिथे 'मराठी उत्तम येते' हे वाक्य निरुपयोगी आहे. 'साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक १८ नियमांनुसार मुद्रितशोधन करतो' हे वाक्य उपयोगाचे आहे, कारण १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ नियम माहीत असणे हे जन्माने येत नाही. 'बोलीभाषांची आवड' निरुपयोगी. 'लघुप्रबंधासाठी वेसावे कोळीवाड्यातील वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या देवनागरीत उतरवून काढल्या' हे उपयोगाचे. मराठी उच्चार ओळखू पाहणाऱ्या यंत्रांसाठी ध्वनिसामग्री जमवणाऱ्याला हे दुसरे वाक्य थांबवेल. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या मुलांकडे तर आणखी एक भांडवल असते, जे त्यांना भांडवल वाटतच नाही. घरी मराठी, शेजारी आणि बाजारात गुजराती, गाडीत हिंदी, वर्गात इंग्रजी. गुजराती कामापुरती समजते-बोलता येते, हे प्रामाणिकपणे, योग्य त्या खालच्या पायरीवर, नोंदवायला काय हरकत आहे?

पुरावा कुठून आणावा

'पण आमच्याकडे अनुभवच नाही', असे विद्यार्थी म्हणतात. हे बहुधा खरे नसते. अनुभव असतो, तो सांगण्यासारखा नाही असे त्यांना शिकवलेले असते. मॉलमधले काऊंटर, वर्तमानपत्राची लाइन, कॉल सेंटरची रात्रपाळी, शिकवण्या, हे सारे 'लपवा' असे साचेवाले सांगतात. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. १९६६ च्या आपल्या संग्रहाला त्यांनी 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले आणि १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. शिपायाची नोकरी लपवण्याचा सल्ला त्यांना कुणी दिला असता तर काय, ही कल्पना करून पाहावी. सुर्व्यांवर प्रश्नपत्रिका काढायच्या आणि सुर्व्यांचेच आयुष्य जगणाऱ्या विद्यार्थ्याला ते झाकायला सांगणाऱ्या कार्यशाळेचे दीपप्रज्वलन करायचे, हे एका विभागाला शोभणारे नाही.

जिथे खरोखरच पुरावा कमी आहे तिथे तो निर्माण करता येतो, तोही पदरचे पैसे न घालता. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि लिंक्डइन त्यानंतर चारच दिवसांनी, ५ मे २००३ रोजी. जुळी भावंडे म्हणावीत, पण स्वभाव उलटे. एकात काम दिसते आणि नाव इतिहासाच्या पानात दडलेले असते. दुसऱ्यात नाव झळकते आणि काम कुठे आहे ते शोधावे लागते. विद्यार्थ्याने या दोहोंची गाठ घालावी. आपल्या उपनगरातल्या एखाद्या लेखकावर, ग्रंथालयावर, बोलीवर संदर्भांसह नोंद लिहावी. केलेला प्रत्येक बदल तिथे तारखेनिशी राहतो. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ पासूनच्या मुक्त संग्रहात बालकथांचा मराठी अनुवाद करता येतो आणि अनुवादकाचे नाव पुस्तकावर येते. अशा दोन दुव्यांचे वजन वीस विशेषणांपेक्षा जास्त असते, कारण ते उघडून वाचता येतात.

आणि काम आहे का? आहे. परदेशी आणि हिंदी चित्रपट-मालिकांची मराठी रूपे, त्यांची सबटायटल्स, अ‍ॅपमधली मराठी वाक्ये, ध्वनिपुस्तकांच्या संहिता, स्वयंसेवी संस्थांचे मराठी अहवाल. यातला डबिंगचा मोठा भाग अंधेरी पश्चिमेच्या स्टुडिओंत चालतो, बोरिवलीच्या विद्यार्थ्याच्या घरापासून लोकलने अर्ध्या तासावर. तिथल्या मराठीची आजची अवस्था आपण रोज ऐकतो, वाचतो आणि हळहळतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचे पेढे वाटले गेले. परंतु जाहिरातीतले, अ‍ॅपमधले, पडद्यावरचे मराठी ज्याला लिहिता येते तो आपल्या विभागातून बाहेर पडून शोधणाऱ्याच्या यादीत कधी येतच नाही, आणि ते काम 'घरी मराठी बोलतो' एवढ्याच पात्रतेच्या माणसाकडे जाते. प्रोफाइलमधल्या एका ओळीचा प्रश्न असा भाषेच्या दर्जापर्यंत येऊन भिडतो.

वर्तणुकीचा दाखला

या व्यवहारात अध्यापकाचेही एक लेखन असते. लिंक्डइनवर दोन प्रकारची साक्ष देता येते. एक, कौशल्याच्या नावापुढे बटण दाबून दिलेला दुजोरा; दुसरी, चार ओळी लिहून दिलेली शिफारस. बटणाला कुणी विचारत नाही. शिफारस वाचली जाते, आणि ती लिहायला लिहिता येणारा माणूस लागतो. आपल्याला मात्र सवय आहे ती वर्तणुकीच्या दाखल्याची. 'माझ्या माहितीप्रमाणे यांची वर्तणूक चांगली असून मी त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा देतो.' मधले नाव बदलायचे, शिक्का मारायचा. साचेवाल्यांची 'डायनॅमिक' आणि आपली 'चांगली वर्तणूक' यांत गुणात्मक फरक कोणता, ते समीक्षेच्या प्राध्यापकांनीच सांगावे. त्याऐवजी, 'हिने माझ्याकडे लघुप्रबंध केला. चाळीस पानांच्या मुलाखती तिने एकही उतारा न गाळता उतरवल्या आणि माझ्या दोन दुरुस्त्या पुराव्यानिशी नाकारल्या', असे लिहायला किती वेळ लागतो? दहा मिनिटे. आणि विद्यार्थिनीला नीट ओळखणे लागते. अडचण बहुधा तिथे असते.

बाजाराचा आक्षेप

राहिला एक गंभीर आक्षेप, आणि तो टाळता येत नाही. माणसाला वस्तू करणाऱ्या व्यवस्थेला आपण भाषेचे प्रशिक्षण पुरवायचे का? मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लिंक्डइन २६.२ अब्ज डॉलरना विकत घेतले; कोट्यवधी माणसांनी स्वतःविषयी फुकट लिहून दिलेल्या मजकुरावर उभी राहिलेली ही किंमत आहे, हे विद्यार्थ्याला सांगितलेच पाहिजे. या जागेतही ओळखीवाल्यांनाच अधिक ओळखी मिळतात, हेही सांगितले पाहिजे. प्राध्यापकाची नोकरी इथे मिळत नाही. तिचा रस्ता नेट-सेट, बिंदुनामावली, ना-हरकत आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतूनच जातो, हे तर आधी सांगावे. घरचा पत्ता आणि फोन उघड्यावर टाकू नये, आणि नोकरीसाठी आधी पैसे मागणारा रिक्रूटर नसून भामटा असतो, हेही.

पण हे सारे सांगण्यासाठी आपण त्या जागेविषयी बोलायला हवे. बाजाराला नावे ठेवून मुलाला एकट्याला बाजारात पाठवणे ही कसली बाजारविरोधी भूमिका? सुरे, नेमके, पडताळता येणारे वाक्य लिहिणारा माणूस वस्तू होण्याला थोडा तरी प्रतिकार करतो. साच्यातले विशेषण लावून घेणारा आधीच वस्तू झालेला असतो.

तेव्हा मागणी मोठी नाही. दुसऱ्या सत्रातल्या त्या चार श्रेयांकांच्या कामाची सुरुवात एका लेखन-स्वाध्यायाने व्हावी. विद्यार्थ्याने आपल्या कामाविषयी आधी मराठीत एक पान लिहावे; वर्गाने त्यातले प्रत्येक पुराव्यावाचूनचे विशेषण कापावे; उरलेल्याचा त्याने स्वतः इंग्रजी अनुवाद करावा आणि तो 'अबाउट'च्या २,६०० अक्षरांत बसवावा. अध्यापकाने त्याच सत्रात आपल्या निदान पाच विद्यार्थ्यांची खरी शिफारस लिहावी. विभागाने मागील दहा वर्षांतले आपले विद्यार्थी कुठे काय करतात याची एक वही ठेवावी, म्हणजे नव्या मुलाला काकाऐवजी निदान एखादी ताई-दादा सापडेल. यासाठी विद्यापीठाचे परिपत्रक लागत नाही, निधी लागत नाही, बाहेरचा पाहुणा तर मुळीच लागत नाही. एक तास, एक फळा आणि खोडायला लाल पेन लागते. ही तिन्ही आपल्याकडे आहेत. आणि येत्या सत्रात ती वापरली गेली नाहीत, तर आपल्या विद्यार्थ्यांना काम का मिळत नाही यावर आपण पुन्हा एखादे चर्चासत्र भरवू नये.